बर्फाच्या पुस्तकाची पूर्वतयारी

रेवदंड्याची खाडी ओलांडायची झाली की मार्तंड मास्तर होडीत बसल्याबरोबर डोळे मिटून घेत आणि पलीकडच्या चिखलाला पाय लागेपर्यंत उघडत नसत. एकदा तर होडी काठाला लागून बाकीचे उतारू निघून गेले, तरी मास्तर छत्री पोटाशी धरून तसेच बसलेले. शेवटी तरवाल्यानं त्यांना हलवलं आणि म्हणाला, "मास्तर, देवाचं नाव पुरे, उतरा आता." चौलापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आंबेपाखाडीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. तर असा हा समुद्राला भिणारा माणूस सन बत्तीसच्या पावसाळ्यात कोळ्यांच्या पोरांना, संकटात जीव कसा तगवावा याचं पुस्तक वाचायला शिकवणार होता. गाव हसलं नसतं तरच नवल.

पण मास्तरांना हसू येत नव्हतं. त्याला कारण बाबाजी.

झालं असं, की त्याच वर्षी उन्हाळ्यात बंदरावर धक्का बांधून मिळावा म्हणून गावानं एक अर्ज लिहिला. अर्थात लिहिला मास्तरांनीच. गावानं फक्त 'असं लिहा, तसं लिहा' केलं. मग सह्या. मास्तर दौत-टाक घेऊन कोळीवाड्यात गेले, तेव्हा बाबाजी कोळ्यानं पुढं होऊन डावा अंगठा शाईत बुडवला.

मास्तर थबकले. "अरे बाबाजी, अंगठा काय करतोस? सातवीत पहिला आलेला तू! तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांपुढं सबंध धडा न अडखळता वाचला होतास. साहेबांनी तुला पेन्सिल दिली होती."

"व्हय मास्तर," बाबाजी खूश होऊन म्हणाला. "निळी व्हती. पन आता सही वळत न्हाय बगा. हात विसारला."

"आणि वाचायला?"

"ते हाताच्या आदी विसारलो." आणि त्यानं अर्जावर असा ठसठशीत अंगठा उमटवला की शेजारच्या दोन नावांवर शाई पसरली.

त्या दिवसापासून मास्तरांचं जेवणातलं लक्ष उडालं. बावीस वर्षं शिकवलेली पोरं त्यांनी मनातल्या मनात एकेक करून समोर बसवली. कोळीवाड्यातला कोण अजून वाचतो? कोणी नाही. होडीवर गेल्यावर दोन वर्षांत अक्षरं धुऊन निघत होती. बावीस वर्षं आपण वाळूवर रेघा ओढत बसलो की काय, असं त्यांना वाटू लागलं, आणि ते वाटणं चुकीचं होतं असं त्यांना छातीवर हात ठेवून कोणी सांगावं, तर तसा माणूस गावात नव्हता.

मग त्यांनी एक सिद्धांत काढला. धड्यांच्या पुस्तकात सगळे तुकडेच. चार पानं राजाची, दोन पानं उंटाची. या पोरांनी आयुष्यात एक सबंध पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलंच नाही. ज्यानं एकदा असं पुस्तक संपवलं, पुढं काय होतं या ओढीनं संपवलं, त्याला अक्षर सुटणार नाही.

"आणि ज्यानं बायकोचं बोलणं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलं, त्याला काय मिळतं?" आनंदीबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं.

"काय म्हणालीस?" मास्तर म्हणाले.

"काही नाही. भात घ्या."

पुस्तकाची अडचण मुंबईनं सोडवली. भिकू नावाचा मास्तरांचा एक जुना विद्यार्थी तिथं छापखान्यात कागदांच्या घड्या घालायच्या कामावर होता. त्याला मास्तरांनी पत्र टाकलं, की एखादी लांब, चित्तवेधक गोष्ट असेल तर कळव. भिकूनं कळवलं नाही. ज्येष्ठ लागता लागता एक गठ्ठाच पाठवला. बांधणीत कडा तिरक्या कापल्या गेल्यामुळे बाजूला टाकलेल्या पंधरा प्रती. सोबत कोणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी होती: 'गोष्ट चांगली आहे असे ऐकतो. मी वाचली नाही, पण प्रत्येक पानाची घडी माझ्या हातची आहे.'

मास्तरांनी ती कादंबरी एका बैठकीत वाचली. हिमालयातल्या कुठल्याशा घाटातून टपालाची पिशवी नेणारा एक डाकवाला आणि त्याचा तेरा वर्षांचा भाचा बर्फाच्या वादळात सापडतात. मामा जातो. पोरगा एका कपारीत चाळीस दिवस एकटा राहतो. पिशवीतली पत्रं जाळून ऊब घेतो. पण जाळण्याआधी प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचतो, आणि परक्या माणसांच्या त्या शब्दांनीच तो वेडा होण्यापासून वाचतो. शेवटचं पान मिटलं तेव्हा मास्तरांचा चष्मा ओला झाला होता. हेच ते! वाचता येत होतं म्हणून जगलेला पोरगा. आपल्या वर्गासाठीच कुणीतरी लिहून ठेवल्यासारखं.

सातवीत त्या साली पंधरा पोरं होती. चार वरच्या वाडीतली, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेली, वर्षभर शाळेत येणारी. बाकीची अकरा कोळीवाड्यातली. होड्या झावळ्यांखाली शाकारून ठेवलेल्या असत तोवरच ही अकरा शाळेत दिसत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ गेला की होड्या पाण्यात, आणि सातवीतली पोरं होडीवर. परत यायची ती दाराशी मासळी द्यायला. म्हणजे हाती होते ज्येष्ठ, आषाढ आणि अर्धा श्रावण.

दुसरा कोणी असता तर त्यानं दुसऱ्याच दिवशी पुस्तकं वाटली असती. पण मार्तंड मास्तर म्हणजे लाडू खायच्या आधी पोरांना बेसनाची माहिती सांगणारा माणूस. त्यांनी विचार केला, या पोरांनी बर्फ पाहिलेला नाही, डोंगर म्हणजे यांच्या लेखी सागरगड, थंडी म्हणजे पौषात धोतर पांघरून निजायचं. पहिल्याच पानावर अडखळली तर पुस्तकावरून मन उडेल ते कायमचं. तेव्हा आधी तयारी. कडेकोट तयारी. मग पुस्तक.

त्यांनी टाचणवही काढली, गेल्या सालच्या वहीवरून सुट्ट्या उतरून घेतल्या, आणि तारीखवार आराखडा घातला. अठरा पाठ तयारीचे. सतरा ऑगस्टच्या रकान्यात तांबड्या शाईनं लिहिलं, 'पुस्तक उघडणे', आणि पुढचे दहा दिवस नुसतं वाचन. पंधराही प्रती शाळेच्या कपाटात गेल्या आणि कपाटाची चावी मास्तरांच्या जानव्याला.

"मास्तर, बगू तरी द्या कसं हाय ते," कान्हा म्हणाला. होडी हाकणाऱ्या अंबाजी तांडेलाचा हा पोरगा वर्गातला सगळ्यात चांगला वाचणारा. मास्तरांचा सगळा जीव त्याच्यावर. तो हातचा गेला नाही म्हणजे बावीस वर्षं फुकट गेली नाहीत, असा त्यांनी आपल्याशीच हिशेब केलेला.

"नाही. तयारी झाल्याशिवाय कोणी उघडायचं नाही."

"नुसतं वरनं?"

"वरूनसुद्धा नाही."

पहिला पाठ होता 'कल्पनाशक्तीस चालना'. मास्तरांनी विचारलं, "समजा, तुम्ही एका ओसाड जागी एकटे अडकलात. बरोबर पाच वस्तू नेता येतील. कुठल्या न्याल?"

वाडीतल्या चौघांनी मुकाट्यानं लिहून काढलं: दिवा, पांघरूण, सुरी, तांदूळ, देवाची तसबीर. कोळीवाड्याच्या बाकांवर मात्र कुजबुज चालू झाली. मोरू उभा राहिला. हा मोरू म्हणजे वर्गातला वाह्यात. त्याच्या बापानं त्याला घरात ठेवणं सोडलं म्हणून तो शाळेत येतो असं गाव म्हणे.

"मास्तर, पाच वस्तू न्यायला टाइम असंल, तर मानूस घरीच जाईल की. अडकंल कशाला?"

"अरे, समजा म्हणतोय ना."

"पानी गोडं हाय का तिथं?"

"ते माहीत नाही."

"मंग पयलं पानी. दुसरं पन पानी. आनि वारा कुठला? उत्तरंचा असंल तर—"

"मोरू, खाली बस."

मोरू खाली बसला. पण मास्तरांच्या लक्षात आलं, की अकरापैकी सहाजणांच्या पाट्यांवर फक्त 'पानी' लिहिलेलं आहे, आणि ते चूक कसं हे सांगता येत नाहीये. त्यांनी शुद्धलेखन तपासून 'पाणी' केलं आणि पुढं गेले.

मग बर्फ. शब्दानं बर्फ कळणार नाही, हे मास्तरांचं म्हणणं खरंच होतं. त्यांनी पुन्हा भिकूला लिहिलं. भिकूनं ओळखीच्या लाँचवाल्याकडे भुश्श्यात गुंडाळून बर्फाची लादी दिली. लाँचनं ती रेवसला आली, तिथून मोटारीनं अलिबागला, तिथून बैलगाडीनं चौलाला. आणि अलिबागच्या पुढं गाडीचा आस मोडल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पायरीवर उतरली. मास्तरांनी सबंध वर्गाला गोल उभं केलं. गोणपाट सोडलं. आत ओला भुस्सा. त्यांनी हात घालून तळापर्यंत चाचपलं. ओला भुस्सा.

मास्तर म्हणाले, "हा... हा बर्फ होता. हात लावून पाहा, गारवा कळेल."

पोरं एकामागून एक पुढं आली, भुश्श्याला बोट लावून मागं झाली. मोरूनं दोन्ही हात जोडले.

"मास्तर, आपन बर्फाच्या मयताला आलो काय?"

त्या दिवशी वर्ग इतका हसला की बाजूच्या वर्गातला दुय्यम शिक्षक धावत आला. मास्तरांनीही हसून दाखवलं. घरी आल्यावर आनंदीबाईंनी भिजलेलं गोणपाट पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, त्या पोरांना गोष्ट सांगायचीय की हिमालय घरी आणायचाय?"

"तुला नाही कळायचं. पायाच कच्चा राहिला तर वरचं सगळं कोसळतं."

"बरं. पाया घालून झाला की सांगा, घरात राहायला कधी यायचं ते."

श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात 'भूक' हा पाठ आला. मास्तरांनी टाचणात लिहिलं होतं, विद्यार्थ्यांनी एक वेळ उपास करून भुकेचा अनुभव घ्यावा व तो सांगावा. सोमवारी ज्यानं त्यानं दुपारी जेवायचं नाही, असं ठरलं. मंगळवारी मास्तरांनी विचारलं, "कसं वाटलं?" वाडीतल्या चौघांनी पोटात कसं कालवलं ते छान वर्णन करून सांगितलं, एकानं तर उपमाही दिली.

"कान्हा, तुला काय वाटलं?"

"काय न्हाय मास्तर."

"काही नाही कसं? भूक लागली असेल."

"तसं न्हाय. आमची दुपारची चूल आखाड लागल्यापास्नं पेटत न्हाय. होड्या वर हायेत न्हवं. म्हंजी सोमवार कनचा नि मंगळवार कनचा, आमाला कळला न्हाय."

बाकांवरून कोणी हसलं नाही, मोरूसुद्धा. बावीस वर्षं ते या पोरांपुढं रोज दुपारी उभे राहत होते आणि पोरं जांभया देतात म्हणून रागावत होते. त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं, 'भूक म्हणजे क्षुधा' असं लिहिलं, आणि लिहून झाल्यावरही बराच वेळ फळ्याकडेच पाहत राहिले.

राहता राहिले कठीण शब्द. एकशे चाळीस. हिम म्हणजे बर्फ, कपार म्हणजे खडकातली खाच, पांथस्थ म्हणजे वाटसरू. पोरं ते चालीवर म्हणत. कोळीवाड्यात जाळी दुरुस्त करताना बाया ऐकत. अंबाजी तांडेल एकदा म्हणाला, "ह्यो कनचा देव रं, याची आरती कवा ऐकली न्हवती?" शब्द पाठ झाले. पण ते कुठल्या वाक्यात येणार आहेत, हे पोरांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची कोणाची इच्छाही नव्हती. कपाटाकडे आता कान्हाही पाहीनासा झाला होता.

बारा ऑगस्ट, शुक्रवार. शंभरावा शब्द चालू होता. मोरूनं हात वर केला.

"मास्तर, मंगळवारपास्नं आमी न्हाय."

"का? कुठं जाणार?"

वर्ग मास्तरांकडे असा पाहू लागला की जणू त्यांनी समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. कान्हा हळूच म्हणाला, "मास्तर, मंगळवारी नारळी पुनव. बुधवारी होड्या जातील."

"छे! नारळी पौर्णिमा अठ्ठावीसला आहे. हे बघ—" मास्तरांनी टाचणवही उलथीपालथी केली. "गेल्या वर्षी अठ्ठावीस ऑगस्टलाच..." आणि ते मध्येच थांबले.

गेल्या वर्षी अधिक आषाढ होता. हे मास्तरांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? आनंदीबाईंनी तेहतीस अनारशांचं वाण जावयाला दिलं होतं, आणि उरलेले अनारसे मास्तरांनी स्वतःच्या हातानं डब्यातून काढून खाल्ले होते. एवढा महिना सबंध पोटात गेलेला, पण वहीत उतरला नव्हता. घरात त्यांचं आयुष्य पंचांगावर चाले आणि शाळेत तारखेवर. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. श्रावण लागल्याचं त्यांना रोज ताटावरून कळत होतं, सोमवारी अर्धी सुट्टी तेच देत होते. पण तांबड्या शाईतली सतरा तारीख म्हणजे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं.

हातात उरली शनिवारची सकाळ आणि सोमवारची अर्धी शाळा.

कोणालाही वाटेल, आता तरी या माणसानं कपाट उघडलं असेल. नाही. शनिवारी त्यांनी उरलेले चाळीस शब्द घेतले. "चाळीस शब्दांसाठी पाया अर्धवट ठेवू?" असं ते आनंदीबाईंना म्हणाले, आणि भात न घेताच ताटावरून उठले, तेव्हा आनंदीबाईंनी एरवी तोंडावर आलेलं बोलणं गिळलं.

सोमवारी जानव्याची चावी निघाली. कपाट उघडलं. कोळीवाड्यातल्या अकरापैकी पाचच पोरं आली होती. बाकीची होड्यांच्या फटीत कापूस-तेल भरत होती. मास्तरांनी अपूर्वाईनं एकेक प्रत हातात दिली. कान्हानं पुस्तक नाकाशी नेऊन वास घेतला. "चला," मास्तर म्हणाले, "सुरुवातीपासून. प्रस्तावना."

प्रस्तावना नऊ पानांची होती. ती कोणा विद्वानानं लिहिली होती, आणि विद्वानाला बरंच काही म्हणायचं होतं. पाचव्या पानावर शाळा सुटली.

मंगळवारी नारळ झाला. वाजतगाजत, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्यात गेला. बुधवारी सकाळी नऊ वाजता मार्तंड मास्तर, बावीस वर्षांत शाळा भरण्याच्या वेळी शाळेत नसायची पहिलीच खेप, बगलेत पुस्तकं आणि डोक्यावर छत्री घेऊन बंदरावर उभे होते. पाणी चढत होतं. भरती होडीच्या तळाला लागली की होड्या निघणार. पोरं जाळी चढवत होती, पाण्याची पिंपं लावत होती. त्यांच्या हालचालीत असा काही सराईतपणा होता की हीच ती बाकावर डुलणारी पोरं, यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

"कान्हा, हे घे. होडीवर वाच. रोज दोन पानं."

कान्हानं हात पुसले. अंबाजी तांडेल होडीवरून म्हणाला, "मास्तर, भिजंल की वो ते. आनि वाचंल कवा? दिसाला हात मोकळा न्हाय, रातीला दिवा न्हाय."

"मेणकापडात गुंडाळून देतो. सवड झाली की वाचेल. वाचशील ना रे?"

"वाचतो की," कान्हा म्हणाला. मोठ्या माणसाच्या समजुतीसाठी म्हणतात तसं.

तेवढ्यात मोरू दोर खांद्यावर टाकून आला. "मास्तर, येवढं सांगा. तो पोरगा शेवटाला जगला का मेला?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणी पुस्तकातलं काही विचारलं होतं. आणि मोरूनं! बाकीची पोरंही हातातलं टाकून जवळ आली. मास्तरांना वाटलं, हाच तो क्षण. हीच ती ओढ. यांना आता एवढंच म्हणायचं, पुस्तकात आहे, वाचा. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी पुढच्या होडीच्या कण्याला लागलं होतं. सांगितलं तर हे वाचणार नाहीत. न सांगितलं तरी वाचणार नाहीत, आणि गोष्टही जाईल.

त्यांनी सांगितली.

आणि काय सांगितली! टाचण नाही, फळा नाही, कठीण शब्द नाहीत. मामा बर्फात कसा बसला आणि परत उठला नाही. पोरानं पहिलं पत्र कसं जाळलं, आणि ते जळत असताना त्याला त्यात काय लिहिलंय हे वाचायचं राहून गेल्याची हळहळ कशी वाटली. मग पुढचं प्रत्येक पत्र आधी वाचायचं त्यानं कसं ठरवलं. कोणाच्या तरी आईचं पत्र. कोणाच्या तरी लग्नाचं बोलणं. शेवटी उरलेलं एक पत्र त्यानं थंडीनं बोटं काळी पडली तरी जाळलं नाही, आणि खाली उतरल्यावर ज्याचं त्याला नेऊन दिलं. मास्तरांची छत्री केव्हाच मिटून खाली पडली होती. पोरं दोर धरून पुतळ्यासारखी उभी. अंबाजी तांडेलसुद्धा वल्ह्यावर हनुवटी टेकून ऐकत होता. बावीस वर्षांत मास्तरांनी असा पाठ घेतला नव्हता.

"लोकांची पत्रं जाळली म्हंजी, सरकारनं त्याचा पगार कापला असंल," मोरू शेवटी म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

होडी हलली. अंबाजीनं हाक मारली. कान्हानं मेणकापडातलं पुस्तक मास्तरांच्या हातात परत दिलं, दोन्ही हातांनी, मान देऊन.

"ह्ये ऱ्हाऊ द्या मास्तर. दुसऱ्या कुनाला तरी व्हईल. गोष्ट कळली न्हवं आता."

मास्तरांनी ते घेतलं. पोरानं चूक काही केलं नव्हतं.

शाळेत परतले तेव्हा साडेबारा झाले होते. वाडीतली चार पोरं बाकांवर वाट पाहत होती. मास्तरांनी पहिलं पान उघडायला सांगितलं. चौघांनी आळीपाळीनं, धडा वाचतात त्या एकसुरी चालीवर वाचलं. 'हिम' आलं तिथं एकजण न विचारताच म्हणाला, "हिम म्हणजे बर्फ," आणि पुढं वाचू लागला. दिवाळीपर्यंत पुस्तक संपलं. ही चार पोरं तशीही वाचायला विसरणार नव्हती. उरलेल्या अकरा प्रती कपाटात गेल्या, आणि चावी जानव्याला कशाला बांधायची म्हणून कुलपालाच लटकत राहिली.

कार्तिकात एका दुपारी शाळेच्या दाराशी कान्हा उभा. तीन महिन्यांत खांदे रुंद झालेले, पायाला चिखल, हातात सुकटीची पुडी.

"मास्तर, आईनं दिलीय बाईसाठी." आणि मग, थोडा घुटमळून, "मास्तर, त्या पोराच्या मामाचं नाव काय व्हतं वो? होडीवर गोष्ट सांगताना मला याद येत न्हाय, आनि तांडेल लोक म्हनतात, नाव न्हाय तर गोष्ट खोटी."

मास्तर उठलेच. इतक्या घाईनं उठले की खुर्ची कलंडली. कपाट उघडून त्यांनी एक प्रत काढली, गोष्टीचं चौथं पान उघडलं आणि कान्हापुढं धरलं. "हे बघ, इथंच आहे. तूच वाच."

कान्हानं हात धोतराला पुसून पुस्तक घेतलं. जाळ्याच्या दोरीनं कापलेलं, मिठानं पांढरं पडलेलं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ओठ हलले. बोट एका शब्दावर थांबलं, पुढं गेलं, परत मागं आलं. वर्गातली लहान पोरं त्याच्याकडे टक लावून पाहत होती. बाहेर कोणीतरी त्याला हाक मारली.

"पान खराब व्हईल मास्तर," कान्हा म्हणाला आणि पुस्तक मिटून परत दिलं. "हाताला मीठ हाय. तुमीच सांगा."

"खुशाल," मास्तर म्हणाले. "मामाचं नाव खुशाल."

"खुशाल," कान्हानं एकदा म्हणून पाहिलं, पुन्हा एकदा म्हटलं, आणि ते तोंडातून निसटू नये म्हणून पुटपुटतच तो पायऱ्या उतरून बंदराकडे पळाला.